कावळ्यापुढे बिडी ठेवू नये

मी, रामा पुंडलिक तामोरे, वय एकाहत्तर, राहणार एडवण, तालुका पालघर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, जीभ त्याहून ठिकाणावर आहे आणि कोणी दमदाटी करून हे लिहवून घेतलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी जमना हिची. माझ्या धुराने ती खोकत राहिली, "माझ्यापायी तरी सोडा" म्हणत राहिली. मी सोडली नाही. बोईसरच्या डॉक्टरने छातीचा फोटो दाखवून घाबरवलं, तरी नाही. आता तो माझं उदाहरण देऊन इतरांना उपदेश करतो. ते त्याने बंद करावं.

२. बिडी सुटली ती थोरला भाऊ बन्सी याच्या दहाव्याला. तो बिडीनेच गेला. किनाऱ्यावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. माझा मुलगा सुजीत याने शेजारी पेटती बिडी ठेवली आणि कावळा लगेच उतरला. लोक हसले. सुजीत म्हणाला, "बाबाच्या टायमाला सोपा हाय. बंडल ठेवला का झाला. दुसऱ्या कशावर जीव हाय त्याचा?" माझ्या हातातली बिडी मी तिथेच वाळूत खुपसली. गाव समजलं, भावाच्या मरणाने याचे डोळे उघडले. समजू दे.

३. जुनी जाळी सुजीतला. फाटकी आहेत. विणायला शिकवत होतो तेव्हा साहेब मोबाइल बघत होते.

४. होडी. सुजीतचं घर तिच्यावर चालतं, म्हणूनच अट घालतो. माझ्या दहाव्याला त्याने माझ्या आवडीची वस्तू स्वतः पिंडाजवळ ठेवावी. दुपारपर्यंत कावळा शिवला तर होडी त्याची. नाही शिवला तर शेजारच्या कुंदनची, ज्याचं तोंड सुजीतला बघवत नाही. दर्भाचा कावळा करून उरकलेलं चालणार नाही. बिडी किंवा सिगारेट ठेवली, तर कावळ्याची वाटही न बघता होडी कुंदनची.

५. सुजीत आईला विचारील, बाबाला काय आवडायचं. तिने बोंबलाची चटणी सांगावी, चहा सांगावा, सुचेल ते सांगावं. त्याने सगळं मांडावं आणि उन्हात उभं राहावं. मला बिडीशिवाय कशाचीच ओढ नाही. आजही उठल्याबरोबर हात खिशाकडे जातो. पोरगा खरं बोलला होता, म्हणून तर त्याला माफी नाही.

वाचून, समजून सही केली.
रामा पुंडलिक तामोरे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. कमलाकांत मेहेर (बिडी बाहेर विझवून आत आले)
२. धीरज पाटील, माहीम

एडवण, दिनांक ३ मार्च २०२५