खल तिकडे, बत्ता इकडे

आई, हनुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही तुझा गाठोड्यांचा खेळ खेळलो आणि त्यात तुझा पितळी खलबत्ता दोन घरांत वाटला गेला. कुणाचं चुकलं ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुला विचारते आहे. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. आता बी.ए. होऊन केडगावच्या शाळेत शिकवते. काय बरोबर आणि काय चूक हे मुलांना रोज सांगते, आणि एवढ्या एका गोष्टीत माझं डोकं चालेनासं झालं आहे.

खेळ तूच काढला होतास. हनुक्काचे दिवे जळत असेपर्यंत बायकांनी कामाला हात लावायचा नाही ही आपल्या ज्यू घरांतली रीत, आणि रिकामं बसणं तर तुला जमायचं नाही. मग तू ठरवलंस की प्रत्येकानं घरातलीच एखादी वस्तू जुन्या फडक्यात बांधून आणायची, विकत काही आणायचं नाही. पाळीपाळीनं एकेक गाठोडं उचलायचं आणि सोडायचं. दुसऱ्याच्या हातातलं आवडलं तर मागायचं, आणि कुणी मागितलं की नाही म्हणायचं नाही. शेवटचा दिवा विझेल तेव्हा ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं. मला एक वर्ष अजून दिसतं. मी तुझ्या पदराशी उभी आहे, काकांच्या हातात लाल भोवरा आहे, दिवा फडफडतो आहे आणि मला मागायची लाज वाटते आहे. करंज्यांचं ताट बाजूला सारून तू म्हणतेस, "तोंड आहे ना तुला? माग की. मनातल्या मनात कुढलेलं कुणाला कळणार?" तेवढ्यात दिवा विझला. मी भोकाड पसरलं, काका भोवरा पुढे करत होते, पण तू तो मला घेऊ दिला नाहीस. नियम म्हणजे नियम, म्हणालीस.

पप्पांचं गाठोडं तेव्हाही सगळ्यांना ओळखू यायचं. लष्करी छावणीतल्या वर्कशॉपातला फिटर माणूस, दरवर्षी काहीतरी लोखंडी बांधून आणायचा. किल्ली नसलेलं कुलूप, सायकलची गंजकी घंटी. ज्याच्या नशिबी ते येई त्याची सगळे चेष्टा करत. तू गेल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही.

यंदा खेळ काकूसाठी होता. काका, काकू आणि त्यांचा मुलगा इस्राएलला जायला निघाले आहेत, कायमचे. महिनाभर काकू पेटी भरते आहे आणि उपसते आहे. वजन ठरलेलं, त्याहून जास्त चालत नाही. एकदा तिनं पुरणयंत्र बाहेर काढलं, परत ठेवलं, परत काढलं. मी शहाणपणानं म्हटलं, "काकू, वस्तूंत काय असतं? माणसं बरोबर आहेत ना?" तिनं वरही पाहिलं नाही. "तू बी.ए. आहेस बाई. तुला नसतील लागत. आम्हाला लागतात."

शेवटच्या संध्याकाळी दिव्यांचे आठही पेले लावले. दुष्काळामुळे तेलाची मारामार, म्हणून पेल्यांत पाणी जास्त आणि वर करडईच्या तेलाचा नुसता पापुद्रा. मराठी अक्षरांत लिहिलेल्या पुस्तकातून काकांनी हिब्रू प्रार्थना म्हटली. शेजारच्या मावशी, नेवाशाकडच्या, दरवर्षीप्रमाणे खेळायला आल्या होत्या. माझी पाळी आली. मी एक गाठोडं उचललं तर हात खाली गेला. पप्पांचाच रुमाल, पप्पांचीच गाठ. "पप्पा, यंदा काय इंजिन आणलंत?" मी हसत ते खाली ठेवलं आणि शेजारचं हलकं उचललं. त्यात लोकरीची टोपी निघाली. पप्पा काहीतरी बोलणार होते, पण सगळेच हसत होते.

मावशींनी ते नुसतं हलवून पाहिलं. "आगं बया, लई जड हाय! म्हाताऱ्या मानसाला मारता का काय?" असं म्हणून त्यांनी ते काकूकडे ढकललं. काकूची पाळी आली तेव्हा तेच उरलं होतं. तिनं गाठ सोडली आणि रुमाल बाजूला सारला. मग म्हणाली, "जाऊबाईंचा खलबत्ता." लग्न होऊन आली तेव्हा वेलची कुटायला तू तिला यातच शिकवलंस, असं ती सांगायला लागली आणि सांगता सांगता रडायला लागली.

आई, मला फक्त मागायचं होतं. तुझ्या नियमानं तिला नाही म्हणता आलं नसतं. म्हणूनच मला मागता येईना. मी म्हटलं, "जरा बघू." तिनं खल मांडीवरच धरला आणि बत्ता माझ्या हातात दिला. तुझा आवाज मला आता आठवत नाही, हे तुला सांगायला जड जातंय. पण सकाळी उठायच्या आधी स्वयंपाकघरातून येणारा तो ठणठण आवाज आठवतो. मी तिच्या मांडीवरच्या खलात एकदाच बत्ता आपटला. तोच आवाज आला. आणि चर्र करून शेवटचा पेला विझला.

"संपलं!" चुलतभाऊ अंधारात ओरडला. "काकूंचा कायदा!" त्याची काकू म्हणजे तू. "खल आमचा, बत्ता ताईचा!" सगळे हसले. दिवा लावला तेव्हा काकू म्हणाली, "घे गं दोन्ही तूच." मी म्हटलं, "छे, तूच ने दोन्ही." ती म्हणाली, "नको, तुझ्या आईचा आहे." मी म्हटलं, "वस्तूंत काय असतं, काकू?" ती पदरानं खल पुसायला लागली. मावशी मात्र म्हणाल्या, "निम्म्यात काय कुटणार गं तुमी दोघी?"

सगळे गेल्यावर पप्पा म्हणाले, "तुझ्यासाठी बांधला होता. म्हटलं, माझं गाठोडं तू बरोबर ओळखशील."

"ओळखलं म्हणूनच खाली ठेवलं ना, पप्पा."

ते बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले.

चार दिवसांनी काका-काकूंना मुंबईच्या एस.टी.वर पोचवायला गेलो. काकूच्या मुलानं सांगितलं की पुरणयंत्र शेवटी पेटीबाहेरच राहिलं. बत्ता माझ्या पर्समध्ये होता, तिला द्यायचा म्हणून नेलेला. काकूच्या खांद्याला कापडी पिशवी होती. ती सारखी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती, आणि मी धरू का म्हटलं तर देत नव्हती. त्यात खल होता का, आणि तो बरोबर न्यायचा म्हणून होता की मला द्यायचा म्हणून, मला माहीत नाही. तीही माझ्या पर्सकडे बघत होती. आम्ही हवापाण्याचं बोललो. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून तिनं माझा हात धरला आणि गाडी हलल्यावर सोडला.

बत्ता आता फळीवर आडवा ठेवला आहे. उभा राहत नाही. वेलची मी वरवंट्यानं ठेचते. सकाळी पप्पा चहाला येतात, आधी फळीकडे बघतात, मग कपाकडे.

काकूनं तिकडचा पत्ता लिहून दिला आहे. खरं तर मी आज तिलाच लिहायला बसले होते. पण तिचं उत्तर येईल, आई.