खांद्याची उंची

रेउस, १४ ऑक्टोबर

लाडकी एली,

तुला आणि लूकला आईचे भरभरून आशीर्वाद. मी बरी आहे. इथली हवा अजून उबदार आहे, बाल्कनीतली फुलं टिकून आहेत. बाजारात नवे हेझलनट आले, तुझ्यासाठी एक पिशवी बाजूला काढून ठेवली आहे. अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण काळजी करू नकोस. उजवा हात जरा आखडलाय, म्हणून डाव्या हाताने लिहितेय.

फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतेस, मी हं हं करते आणि ठेवल्यावर लक्षात येतं की आपण कशाला तरी हो म्हणून बसलोय. मागे अशीच ती नवी गादी घेतली, तिच्यावर अजून मला झोप लागत नाही. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही. सगळं वाचून मग काय ते बोल.

तुझा निरोप नीट वाचला. ब्रुसेल्सच्या घरातली बागेकडची खोली तुम्ही रंगवून घेतलीत, नाताळच्या आत मी तिकडे कायमचं यावं, इथलं घर भाड्याने द्यावं. आणि शेवटी लिहिलंस, ‘आई, या वयात चौकात उभं राहून हे माकडचाळे शोभतात का?’ चौकातला माझा फोटो तुला कुणी पाठवला ते मी ओळखलं. तुझ्या आत्याला दुसरा उद्योग नाही.

तुझे बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. पहिली दोन कशी गेली ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारायचीस ‘जेवलीस का?’ आणि मी जेवलेली असायचे. आमची सगळी मित्रमंडळी जोडप्याजोडप्यांची होती. पहिला महिनाभर बोलावणी आली, मग थांबली. चौघांच्या टेबलाला पाचवी खुर्ची अडचणीचीच होते, त्यात त्यांचा दोष नाही. मी कामाला होते ती हेझलनटची वखार बंद पडल्यावर तिथल्या बायकाही पांगल्या. एकसष्टाव्या वर्षी नवी मैत्रीण कुठून आणायची, सांग. शाळेत बाकावर शेजारी बसवायचे आणि मैत्री व्हायची. आता शेजारी बसवणारं कोण आहे?

मला रेमेईने बसवलं, म्हणजे उभंच केलं म्हण. बाजारात खारवलेल्या कॉड माशाचं दुकान आहे ना, ती रेमेई. एक दिवस मासा बांधता बांधता ती गल्ल्यामागून बाहेर आली, माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि शेजारच्या भाजीवाल्याला म्हणाली, “बघ रे, खांदे सारखे आहेत का?” तो म्हणाला, “अगदी तंतोतंत.” मग माझ्याकडे वळून म्हणते, “बाई, तुम्ही मंगळवारी संध्याकाळी काय करता?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मग या. आम्ही माणसांचे मनोरे रचतो, त्याच्या बुंध्यात मला माझ्या मागे माझ्याच उंचीचं माणूस हवंय. आत्ता जो आहे तो बुटका आहे, सारखं माझ्या पाठीत नाक खुपसतो.”

लहानपणापासून चौकात मनोरे बघत आले, पण त्यांच्या आत कधी शिरले नव्हते. गेले. मनोरे रचणाऱ्या मंडळाचा प्रमुख बिएल, तुझ्याच वयाचा पोरगा, त्याने मला नाव विचारायच्या आधी खांद्याची उंची मोजली. मी कुणाची बायको, कुणाची विधवा, काय करते, याची कुणाला पडलेली नव्हती. बिएलने रांगेतली जागा दाखवली आणि म्हणाला, “छाती पुढच्या पाठीला टेकवा, हात वर, मान खाली. आणि रोझरबाई, काहीही झालं तरी वर बघायचं नाही.”

एली, हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. बाबा गेल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. केस कापणारी आणि दंतवैद्य सोडले तर कुणीच नाही. त्या मंगळवारी माझी छाती रेमेईच्या पाठीला लागली, माझ्या मागे बसचालक पाउ येऊन टेकला, त्याच्यामागे आणखी दहा जण. चहूबाजूंनी माणसंच माणसं, घाम, कांद्याचा वास, कुणाचं तरी दाढीचं टोक माझ्या कानाला टोचतंय. डोक्यावर सगळा भार चढत होता आणि मी खाली मान घालून रडत होते. रेमेईला पाठीवर ओलं लागलं असणार. ती एवढंच म्हणाली, “रडायचं तर रड, पण ढिली पडू नकोस.” त्या दिवसापासून ती मला अगं-तुगं करते.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार सराव आणि रविवारी कुठल्या ना कुठल्या गावचा चौक. तू रविवारी दुपारी फोन करतेस आणि मी उचलत नाही, ते याच्यामुळे. कमरेचा लांबलचक काळा कापडी पट्टा बांधायला दुसऱ्याने टोक ताणून धरावं लागतं आणि आपण गिरक्या घेत त्यात शिरायचं. रेमेईचं टोक मी धरते, माझं ती. मग वर्मूत वाइन पीत एकमेकांची उणीदुणी काढतो. ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, मी तिच्या नवऱ्याच्या गाण्याला.

आता हाताचं सांगते. आखडलाय म्हटलं ते खरं नाही. गळपट्टीचं हाड मोडलंय. सप्टेंबरात, मनोरा कोसळला तेव्हा. बुंध्यावर पडलेल्या बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही, टोकावरची पोर तर शिरस्त्राण काढून हसत होती. मोडलं ते माझंच, आणि माझ्याच मूर्खपणाने. मी वर बघितलं. वर्षभरात मी आमचा मनोरा एकदाही पाहिला नव्हता गं. सनया टिपेला गेल्या, लोक ओरडायला लागले, मला राहवेना. मान वर केली, खांदा तिरका झाला आणि तेवढ्यात वरून कुणाची तरी टाच आली. काय दिसलं विचारशील तर कुणाच्या तरी पांढऱ्या विजारीचं बूड. हात दाखवून अवलक्षण. बिएल इस्पितळात आला आणि आधी झापून मग त्याने फुलं दिली.

आता जे सांगायचं टाळतेय ते. तिथल्या परिचारिकेने विचारलं, “घरच्या कुणाला कळवायचं?” मी म्हटलं, “ही काय, आलीये.” रेमेई खुर्चीत बसली होती, कमरेला पट्टा तसाच.

“या तुमच्या कोण?”

रेमेई म्हणाली, “मी हिच्या पुढे उभी असते.”

“अहो, मी नातं विचारतेय.”

“तेच सांगतेय मी.”

मग परिचारिकेने मला विचारलं, “मूलबाळ?” मी म्हटलं, “एक मुलगी आहे. तिला कळवायचं नाही.”

हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. तू पहिल्या विमानाने आली असतीस. म्हणूनच नको म्हटलं. मला दुखत होतं, भीती वाटत होती, आणि त्या खाटेवर तू माझा हात धरून ‘आई, पुरे झालं, चल’ म्हणाली असतीस, तर मी चालले असते. लहान मुलासारखी उठून तुझ्यामागे आले असते. मग बागेकडच्या खोलीत बसून तुम्ही दोघं कामावरून यायची वाट बघितली असती. तू चांगली मुलगी आहेस, तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. निदान शुद्धीवर असताना तरी जमावं, म्हणून हे पत्र.

तेव्हा नाही म्हणते. घर भाड्याने द्यायचं नाही. खोलीत लूकचं सामान ठेवा.

तू घाबरशील की माझं कोण बघतं. रेमेई रोज दुकान उघडायच्या आधी येऊन मला अंघोळ घालते आणि माझ्या साबणाला नावं ठेवते. पाउ बाजारातून भाजी आणून देतो, त्यात वांगी नेहमी किडकी निघतात. बिएलची आई पावाला टोमॅटो चोळून देते, कारण तेवढंही मला एका हाताने होत नाही. काल आत्या आली, माझी अवस्था बघून म्हणाली, “साठी बुद्धी नाठी.” रेमेई म्हणाली, “तुमची तर सत्तरी आलीये, तुम्ही सांभाळा.” आत्या कॉफी न घेता गेली.

डॉक्टरांनी हिवाळाभर बंदी घातली आहे. फेब्रुवारीत सराव सुरू होतो. मी जाणार आहे. म्हणशील, पडलो तरी नाक वर. हो, वरच आहे.

तुझा फोन नंबर मी आता रेमेईला दिलाय. पुढच्या वेळी काही मोडलं तर ती तुला कळवेल. मात्र तिला बजावून ठेवलंय की आधी हाड बसवून घ्यायचं, मी नीट बोलायला लागायचं, मग फोन. तू तिच्याशी भांडशील. खुशाल भांड. ती ऐकून घेईल असं वाटत नाही.

आणि एली, रागावली असलीस तरी ये. हेझलनट आहेत, तुझी खोली झाडून घेते, रेमेई मासा करणार आहे. पण तिकीट काढताना एक लक्षात ठेव. जाताना एकाचंच काढ.

तुझी, आणि इथलीच,
आई