शेगडीपाशी जागी झालेली फांदी

तीर्थरूप आत्यास,

गारठ्याने गुडघे वाकत नाहीत, म्हणून साष्टांग नमस्कार उभ्यानेच घालतो, गोड मानून घे. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. असायलाच हवी, का, ते खाली येतंय.

मी अजून त्याच नोकरीत आहे. (विश्वास बसत नसेल तर खाली बसून वाच.) काम एवढंच, की दर सोमवारी टेकडीवर जायचं, चिठ्ठी बांधलेल्या एकाच झाडाचे पाच शेंडे कापायचे आणि प्रयोगशाळेतल्या बाईंना आणून द्यायचे. झाड सुईसारख्या पानांचं, थंडीभर ढिम्म. मी म्हणालो, बाई, हे झोपलंय, उगाच कशाला त्याला छळायचं? तर त्यांनी मला भिंगाच्या यंत्राला डोळा लावायला लावला. आत बारीक बारीक खोल्या, त्यांना पेशी म्हणतात. थंडी आली की नव्या खोल्या बांधणं बंद, आतलं पाणी बाहेर, आणि साठवलेलं पीठ मोडून साखर करायची, म्हणजे काही गोठत नाही. वरून आळशी, आत घरभर आवराआवर. (माझ्याबद्दल तू नेमकं उलटं म्हणायचीस.)

मग गुडघाभर बर्फ पडला आणि मी अक्कल चालवली. एकदाच मोठी फांदी तोडून आणली, बादलीत उभी करून माझ्या खोलीत शेगडीजवळ ठेवली, आणि पुढचे सोमवार घरबसल्या शेंडे पुरवले. चौथ्या सोमवारी बाई यंत्रावरून ताडकन उठल्या. "अरे, साखर उतरली! पेशी वाढायला लागल्या! भर थंडीत झाड जागं झालं!" मोठ्या साहेबांना सांगायला त्यांनी फोन उचलला, तसा मी खोकलो.

"काय रे?"

"बाई, झाडाचा दोष नाही. त्याला शेगडी होती."

त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. महिनाभराच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "खरं झाड अजून झोपलंय. ते उठेल तेव्हा तरी तिथे हजर राहा."

तेव्हापासून रोज वर जातो, सोमवार नसला तरी. काल एक कोंब जरासा फुगल्यासारखा वाटला. कुणाला सांगितलं नाही, तुलाच लिहितोय.

तुझा, पायाला भिंगरी असलेला (सध्या ती बर्फात रुतलीय) भाचा

ता. क. 'आत्या अत्यवस्थ आहे, त्याला ताबडतोब धाडा' असं पत्र बाईंना लिही, असं मी मागे कळवलं होतं. ते पाठवू नकोस. कोंब फुटेपर्यंत तरी आजारी पडू नकोस.

आणखी एक ता. क. पाठवलं असलंच, तर बरी झाल्याचं लगोलग कळव. आजार कोणता ते मात्र लिहू नकोस; बाईंना दर आठवड्याचे आकडे लागतात.