होडीवालीचा निरोप

१२ जानेवारी २०२५, रविवार

झालं! इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आज मंडळाच्या संक्रांतीला, हातात तिळगूळ असताना, गाठलंच एका मुलीनं. ज्ञानदा. नागपूरची, इथे कोलंबसला पीएचडी करते. विषय काय, तर हामानो सॉफ्ट! जपानातली एवढीशी गेम कंपनी, बंद पडूनही सत्तावीस वर्षं झाली. तिचा इतिहास लिहितेय ही.

“काकू, तुम्ही त्यांच्या अमेरिकेच्या ऑफिसमध्ये ट्रान्सलेटर होतात ना? चारुदत्तकाका म्हणाले.”

या माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहील तर शपथ!

म्हटलं, हो, होते. नेपरव्हिलला राहायचो तेव्हा. पुण्यात शिकलेलं जपानी तेवढंच कामी आलं. मुलीनं मिठीच मारली. मला मात्र घाम फुटला. कोलंबसशेजारच्या या डब्लिनमध्ये, जानेवारीत!

१३ जानेवारी

चोराच्या मनात चांदणं. दुसरं काय.

१८ जानेवारी, शनिवार

ज्ञानदा घरी आली. पोह्यांच्या दोन प्लेटा खाल्ल्या, वर तर्री नाही म्हणून कुरकुर. मग लॅपटॉप उघडला. बरंच जमवलंय हं तिनं, मलाही माहीत नसलेलं. कंपनीचे मालक हामानो-सान आधी मासळीबाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यातून इलेक्ट्रॉनिक काटे, मग नाणं टाकून खेळायची मशीन, आणि मग टीव्हीवरचे गेम. एकूण नऊ माणसं. दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र, त्यांच्या बायकोच्या हातचं. कंपनी कसली, घरच ते.

मग आला ९३ सालचा होडीवालीचा गेम.

“काकू, त्याची लास्ट लाईन! लोक अजून हातावर टॅटू करून घेतात. हामानो-साननी काय लिहिलंय यार!”

मी कांदा चिरायला उठले. स्वयंपाक तर केव्हाच झाला होता.

१९ जानेवारी

वहीत तरी खरं लिहावं.

ती ओळ हामानो-सानची नाही. माझी आहे.

गेममध्ये एक बाई होडीतून लोकांना एकेका बेटावर सोडते. सगळे उतरले की होडी वळवते आणि त्यांचा निरोप घेते. जपानीत एकच शब्द होता – सायोनारा, म्हणजे कायमचा निरोप. मी इंग्रजीत लिहिलं, ‘मी परत येईन.’ का? तर दारातून निघताना ‘जाते’ म्हणणारी बाई माझ्या हातून लिहिलीच जाईना! लहानपणी एकदा शाळेला निघताना म्हटलं ‘जाते’, तर आईनं बखोटीला धरून आत आणलं होतं. पुन्हा निघ म्हणाली, नीट सांगून निघ.

पण हा बहाणा झाला. जपानी माणूसही घरातून निघताना ‘जाऊन येतो’च म्हणतो. हामानो-सानना ते हवं असतं तर त्यांनी ते लिहिलं असतं. त्यांनी सायोनारा लिहिलं होतं. समजून उमजून. आणि मी दीडशहाणी!

अमेरिकेतल्या पोरांना वाटलं, दुसरा भाग येणार. पत्रांचा पाऊस. ‘ती कधी येणार?’ माझ्या साहेबाला जपानी येत नव्हतं, त्यामुळे ही पत्रं जपानीत करून हेड ऑफिसला फॅक्स करायचं काम कुणाचं? माझंच. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. नोकरी नवी, पोर लहान, भीती वाटली.

त्यांनी दुसरा भाग काढला. ९७ साली. तोवर नवी मशीनं आली होती, जुन्या मशीनवरचा गेम कुणी हातात धरेना. वर्षभरात कंपनी बंद. नऊ माणसांचं ते घर मी बुडवलं. एका ओळीनं.

२६ जानेवारी

आज चारूला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं पेपर बाजूला ठेवला. “पद्मे, चाळीस वर्षं पेशंट पाहिले मी. प्रत्येकाला आजाराचं एकच कारण हवं असतं. तसं नसतं गं.”

बरं वाटलं. अर्धा तास.

२ फेब्रुवारी

ज्ञानदाचा फोन. हामानो-सान हयात आहेत! त्र्याऐंशी वर्षांचे. व्हिडिओवर बोलायला तयार आहेत, पण इंग्रजी येत नाही. “काकू, तुम्हीच इंटरप्रिट करा ना, प्लीज!”

हो म्हणून बसले. घ्या आता.

८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी सात. तिकडे रविवारची सकाळ. पडद्यावर स्वेटर घातलेला म्हातारा, मागे भिंतीवर एक वजनकाटा. वाकून नमस्कार केला त्यांनी. मीही. माझं नाव ऐकून म्हणाले, “फॅक्सवाल्या पद्मजा-सान!”

तासभर छान चाललं. मग ज्ञानदानं विचारलं – ती शेवटची ओळ तुम्हांला कशी सुचली?

आणि मी प्रश्न बदलला. जपानीत विचारलं, होडीवालीचं चित्र कुणी काढलं? त्यांनी बायकोचं नाव सांगितलं. मग ज्ञानदाकडे वळून मी चक्क म्हटलं, “म्हणतात, बायकोवरून सुचली.”

पोरगी मान खाली घालून भराभर टाइप करत होती.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तेव्हाची चूक तरी अजाणता होती. आजची?

९ फेब्रुवारी

सकाळी उठल्या उठल्या ज्ञानदाला बोलावलं. सगळं सांगितलं, कालचंही. ती म्हणाली, “काकू, मी ते चॅप्टरमध्ये टाकलं असतं ना. माझं नाव जातं त्याच्यावर.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

जाताना दारात थांबली. “त्यांनाही सांगा. तुम्हीच सांगायचं, मी नाही.”

१२ फेब्रुवारी

हामानो-सानना हातानं पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. निम्मी कांजी अक्षरं विसरलेय, चारू शेजारी बसून फोनवर शोधून देत होता. शेवटी साधंच लिहिलं – ओळ मी बदलली. मुलांना खोटी आशा लागली, तुम्ही तिच्यापायी बुडालात. माफ करा. मुलाखतीतही मी खोटं बोलले.

पोस्टात टाकलं. आता जे व्हायचं ते होवो.

२४ फेब्रुवारी

काही नाही. रोज बर्फातून मेलबॉक्सपर्यंत जाऊन येते. चारू म्हणतो, घसरून पडशील, मग त्यांना मीच पत्र लिहीन.

६ मार्च, गुरुवार

पत्र आलं. एकच पान.

ओळ बदललीय हे त्यांना माझ्या पहिल्याच फॅक्सवरून कळलं होतं. पण होडीवालीचा गेम बाजारात जायच्या आधीच कंपनी बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. तो सायोनारा त्या नऊ जणांचाच होता, खेळणाऱ्यांना. सामानाची खोकीसुद्धा बांधली होती. मग मुलांची पत्रं यायला लागली, रोज दुपारी जेवताना एक जण ती मोठ्यानं वाचायचा, आणि खोकी सोडली. दुसरा भाग चालणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी केला.

‘तुमच्यामुळे आम्ही आणखी पाच वर्षं एकत्र जेवलो.’