फुटून आलेले तुकडे

रविवार, ९ नोव्हेंबर

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे बरं आहे. थंडीने हिचे गुडघे पुन्हा कुरकुरतायत. वरची खोली बांधायला घेऊ का, असं तू विचारलं होतंस. घेऊ नकोस.

परवा दाजींचा फोन आला. "काय मेहुणे, एक दगड तपासायला महिना? आमचे पंप एका दिवसात फोडतात!"

त्यांच्या गॅसच्या विहिरीतला खडक आमच्या प्रयोगशाळेत आलाय. चिखलाचे थर दाबून झालेला दगड. पाण्याच्या जोराने तो फोडला की आत अडकलेला गॅस सुटतो. अखंड तुकडे मी यंत्रात दाबून पाहिले. मजबूत निघाले. मग बाकीच्या पेट्या उघडल्या, तर आत बिस्किटांसारख्या चकत्या. कुणी आपटल्या नव्हत्या. खाली दगड इतका आवळलेला, की वर येऊन मोकळा होताच आपोआप फुटला. आणि तिथूनच, तुमच्या घराखालून, जुनी भेग जाते. तिच्यात पाणी शिरलं तर जमीन सरकू शकते.

साहेब म्हणाले, "फुटके कसले मोजता? लंगड्याला शर्यतीत धरतात का?"

"साहेब, फुटकेच जास्त आहेत."

"मग जमीन सरकणारच, असं लिहून द्या."

तसं देता येत नाही, ताई. कदाचित काहीच होणार नाही. मी सावध आहे की नुसता घाबरट, हे रोज स्वतःला विचारतो. दगड मजबूत आहे, असं सांगणाऱ्या अहवालावर सही केली नाही, एवढंच. शुक्रवारी शेजारच्या टेबलवाल्याने केली. पुढच्या सोमवारी, १७ तारखेला, पंप सुरू होतील, आणि ते दाजीच सुरू करतील.

त्या फोनचं पुढचं बोलणं लिहायला हात धजत नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर दुसरा उभा राहील. आणि माझंच घर रिकामं दिसलं, तर माझ्या हाताखालची पोरं पंपाशी थांबतील का? हिला काही कळवू नका."

मी हो म्हणालो होतो. तो शब्द आज मोडतोय.

सोमवारच्या आत भाचीला घेऊन इकडे ये. दाजी येणार नाहीत, हे धरून चल. त्यांच्याशी भांडायचं तर भांड, पण बॅग भरून भांड. काहीच झालं नाही, तर जन्मभर मला भित्रा म्हणा. तू आणि दाजी, दोघांनी मिळून म्हणावं, एवढंच मागतो.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा