वर्गात घेतलेलं नाव

लंडन

अहो,

पाया पडते. मी मजेत हाय. फोनवर समदी ऐकत्यात, म्हणून हे पत्र.

आपल्या लेकीनं, मोनिकानं मला इंग्रजीच्या वर्गाला घातलं. मदर, फादर, सिस्टर, समदं तोंडपाठ झालं! काल बाई म्हणाल्या, हजबंडचं नाव सांगा. चाळीस वर्षांत उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाई. पन घेतलं, मोठ्यांदा! वर्गानं टाळ्या वाजवल्या, अन् मला रडूच आलं.

भाताची सोंगणी झाली का? गुडघा कसा हाय? फोनवर तुमी खरं सांगत न्हाई.

हितं थंडी लई. पन नाव घेतलं की अकोले गावी, आपल्या ओट्यावर बसल्यावानी वाटतंय. म्हणून आता रोज एकदा घेते.

रागावला न्हाई ना, सावळेराम?

तुमची,
चंद्रभागा