दाखला यायचा आहे

ताई, तुला वाकून नमस्कार आणि आईच्या गालावरून माझा हात.

मी बरी आहे. वृद्धाश्रमातली नोकरी टिकेल, काळजी नको. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचाय. ह्यांच्या बदल्यांपायी आम्ही गावोगाव फिरलो, म्हणून प्रत्येक ठिकाणी चौकशी चालू आहे. तोवर कुठल्याही आजींजवळ मी एकटीने जायचं नाही. नियम योग्यच आहे. आपली आई इथे असती, तर मीही हाच आग्रह धरला असता.

पण माझ्यामागून आलेल्या मुलीचा दाखला लगेच आला. ती जन्मापासून एकाच घरात राहिलेली! आता कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींची वेणी ती घालते. काल त्या आजी मला म्हणाल्या, "तू काय पाहुण्यासारखी दारात उभी? जा, माझ्या पोरीला बोलाव."

माझ्या पोरीला! तिच्या चौकशीत काहीतरी निघायला हवं होतं, असं क्षणभर मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

तिच्याहून जास्त हेवा मला तुझा वाटतो, ताई. आईच्या केसांना हात लावायला तुला कुणाला विचारावं लागत नाही.

तिचा गुडघा कसा आहे? तू वेणी घालताना ती माझं नाव काढते का? काढत नसेल, तर तेवढं लिहू नकोस.

तुझी,
धाकटी